जो हलला, तो तीन रंगांत फुटला

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि मधली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बरंचसं जसं बोलले तसंच ठेवलंय.)



आजचा विषय जुन्या फोटोंचा. पण सुरुवात करते एका बगपासून, कारण माझा धंदाच तो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेकच्या शेवटच्या वर्षाला इमेज प्रोसेसिंग हा विषय होता आणि त्यात एक असाइनमेंट होती. जगभरच्या कितीतरी कॉलेजांत ती देतात. तुम्हाला एक लांबट कृष्णधवल चित्र मिळतं. त्यात एकाखाली एक तीन चौकटी, आणि तिन्हींत तोच देखावा. वरची चौकट निळ्या फिल्टरमधून काढलेली, मधली हिरव्या, खालची लाल. तुम्ही प्रोग्रॅम लिहायचा, तिन्ही चौकटी कापायच्या, एकमेकींवर बरोब्बर बसवायच्या आणि रंगीत फोटो तयार करायचा.

माझा प्रोग्रॅम सगळ्या फोटोंवर चालला. चर्च आलं, नदी आली, लाकडी घरं आली. एकच फोटो काही केल्या जमेना. एक जाडजूड गृहस्थ खुर्चीवर बसलेत, अंगात पायघोळ झगा, हातात तलवार. त्यांचं तोंड एकीकडे, दाढी दुसरीकडे आणि तलवारी दोन. रात्री दोन वाजेपर्यंत मी त्या माणसाला शिव्या घातल्या. तो कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी त्याचं नाव ‘एमीर डॉट टिफ’.

ते होते बुखाऱ्याचे अमीर, सय्यद मीर मोहम्मद आलिम खान. साल १९११. फोटो काढणारा सर्गेई मिखाइलोविच प्रोकुदिन-गोर्स्की.

आता जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. आपण ज्याला तुर्कस्तान म्हणतो ती टर्की. मी बोलतेय ते तुर्केस्तान, म्हणजे आजचे उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि आसपासचा भाग. तिथे दोन मोठी वाळवंटं आहेत, काराकुम आणि किझिलकुम. काराकुम म्हणजे काळी वाळू, किझिलकुम म्हणजे लाल वाळू. वाळवंटांची नावंच रंगांवरून! तुर्कमेनिस्तानचा साधारण सत्तर टक्के भाग एकट्या काराकुमने व्यापलाय. मुर्गाब नावाची नदी आहे, ती समुद्राला मिळतच नाही, वाळूत जिरून जाते. जिथे पाणी पोचतं तिथे गाव, मळे, बाजार. जिथे नाही तिथे उंट, मेंढ्या आणि तंबू. समरकंद, बुखारा, मर्व्ह ही मोठी नावं सगळी अशा पाण्याच्या काठची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख रशियाच्या झारने घेतला. बुखाऱ्याला अमीर राहिला, पण रशियाचा मांडलिक म्हणून. १८८८ मध्ये कास्पियन समुद्राच्या बाजूने वाळवंट ओलांडून रेल्वे समरकंदला पोचली. आणि या रेल्वेने काय न्यायचं? मुख्यतः कापूस. याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाड-खानदेशाकडे तोंड वळवलं आणि रशियाच्या गिरण्यांनी मध्य आशियाकडे. त्या फोटोंत उंटावर लादलेली पोती दिसतात ना, त्यांच्यामागे हा सगळा हिशेब आहे.

आता प्रोकुदिन-गोर्स्की. जन्म १८६३ चा. हा मुळात रसायनशास्त्राचा माणूस. १९०२ मध्ये बर्लिनला जाऊन आडोल्फ मीथे यांच्याकडे रंगीत फोटोग्राफी शिकला. १९०८ मध्ये याने टॉलस्टॉयचा रंगीत फोटो काढला आणि तो रशियाभर गाजला. १९०९ मध्ये झार दुसरा निकोलस याच्यासमोर पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. झार खूश. त्याने रेल्वेचा एक डबाच दिला, आत डार्करूम केलेली. सोबत कुठेही जायची परवानगीपत्रं. काम काय, तर सगळं साम्राज्य रंगात टिपायचं.

तंत्र काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कल्पना मूळ जेम्स क्लार्क मॅक्सवेलची, प्रात्यक्षिक १८६१ चं. आपल्या डोळ्याला दिसणारे रंग लाल, हिरवा, निळा या तीन प्रकाशांतून बनवता येतात. मग तीन कृष्णधवल फोटो काढा, तीन फिल्टरमधून. लाल फिल्टरच्या फोटोत लाल गोष्टी उजळ येतील, निळ्याच्या फोटोत निळ्या. बघताना तिन्ही चित्रं त्या त्या रंगाच्या प्रकाशाने एकाच पडद्यावर पाडा. झाला रंगीत फोटो. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात मुळाशी आजही हेच चालतं, फक्त एका क्षणात.

त्याच्याकडे एक क्षण नव्हता. काचेची पट्टी, साधारण वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. पहिला फोटो, पट्टी सरकवा, दुसरा फोटो, पट्टी सरकवा, तिसरा. म्हणजे एका फोटोत तीन वेगळे क्षण. मध्ये काही सेकंद गेलेले. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही.

इमारत हलत नाही. यंत्र हलत नाही. मुर्गाबच्या काठी योलोतानच्या वीजकेंद्रातला त्याचा एक फोटो आहे. बुडापेस्टमध्ये बनलेली जनित्रं ओळीने उभी. वाळवंटाच्या मधोमध, शंभर वर्षांपूर्वी! आणि फोटो इतका रेखीव की कालच काढलाय असं वाटतं. पण माणसं हलतात, वाऱ्याने कापड हलतं, उंट तर मान हलवणारच. आणि जो हलला, तो तीन रंगांत फुटतो. एक लाल सावली, एक हिरवी, एक निळी. पाण्याच्या लाटांवर तर इंद्रधनुष्य सांडल्यासारखं दिसतं. आमच्या भाषेत याला ‘घोस्टिंग’ म्हणतात. भुतं.

हां, तर माझा बग. माझा प्रोग्रॅम दोन चौकटी एकमेकींवर ठेवायचा, थोडं इकडे सरकवायचा, थोडं तिकडे, आणि दरवेळी एका चौकटीच्या उजेडातून दुसरीचा उजेड वजा करायचा. जिथे फरक सगळ्यात कमी, ती जागा बरोबर. पटतंय ना? अमीरांच्या बाबतीत ते चुकत होतं, कारण त्यांचा झगा निळा. गडद, झळाळता, फुलाफुलांचा निळा. निळ्या चौकटीत तो झगा उजळ, आणि लाल चौकटीत जवळजवळ काळा. एकच वस्तू, पण उजेड उलटा. बिचारा प्रोग्रॅम काळ्याला काळं आणि पांढऱ्याला पांढरं शोधत भलतीकडेच जाऊन बसत होता. उपाय सोपा निघाला. उजेड जुळवू नका, कडा जुळवा. झग्याचा रंग कोणताही असो, त्याची कड तिन्ही चौकटींत एकाच जागी असणार.

ते लिहिलं, रन केलं, आणि स्क्रीनवर अमीर नीट बसले. मी खरंच खुर्चीतून उठले. १९११ चा निळा रंग माझ्या लॅपटॉपवर, आणि तो कुणी नंतर ब्रशने भरलेला नाही. त्या दिवशी त्या झग्यावरून परावर्तित होऊन काचेवर पडलेला प्रकाश आहे तो. मोजलेला रंग आहे.

या ‘मोजलेला’ शब्दाचं महत्त्व मला कळलं ते आमच्या घरी, चार वर्षांनी.

नोकरी लागली होती. जुने फोटो रंगीत करणारी एआयची टूल्स तेव्हा नुकतीच सगळीकडे आली होती. मला वाटलं, आजीला सरप्राइज देऊ. तिच्या लग्नातला एक ग्रुप फोटो आहे, कृष्णधवल, चौदा माणसं. तो स्कॅन केला, टूलमधून काढला, मोठी प्रिंट मारली, फ्रेम केली. आजीने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “छान आहे. पण ही मी नाही.”

“अगं आजी, तूच आहेस की!”

“माझा शालू अंजिरी होता. हा लाल कुणाचा?”

बघा, टूलने काही गडबड केली नव्हती. त्याच्याकडे फक्त करडा रंग होता. करड्यातून अंजिरी ओळखता येत नाही, लालही नाही. मग ते अंदाज बांधतं. लाखो फोटो बघून शिकलंय की नवरी म्हटली की लाल. बहुतेक वेळा बरोबरही येत असेल. पण आजीचे वडील अंजिरी शालूसाठी तालुक्याला दोन हेलपाटे मारून आले होते, आणि ते लाखो फोटोंच्या सरासरीत कुठून असणार? ती प्रिंट अजून आहे, कपाटावर, भिंतीकडे तोंड करून.

त्या शनिवारी मी परत ते वाळवंटातले फोटो उघडले. या वेळी फोटो म्हणून, असाइनमेंट म्हणून नाही.

आणि काय सांगू! समरकंदच्या बाजारात एक कापडवाला बसलाय. मागे रेशमाची, सुताची, लोकरीची ठाणं, वर चौकटीत कुराणाचं पान. एक खरबुजं विकणारा आहे, माल मांडून बसलेला. एक पखालवाला आहे, चामड्याची पखाल घेऊन. आपल्याकडे भिश्ती असायचे तसाच. एक तुर्कमेन उंटवाला, डोक्यावर मेंढीच्या कातड्याची भली मोठी टोपी, शेजारी पोत्यांनी लादलेला उंट. एक बाई तिच्या तंबूच्या दाराशी गालिच्यावर उभी, अंगभर दागिने. समरकंदमध्येच ज्यू मुलं आपल्या गुरुजींभोवती पुस्तकं घेऊन बसलीत. ‘वाळवंट’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात एक पिवळट चित्र होतं. या फोटोंत पिवळं असतं ते जमिनीवर आणि भिंतींवर. माणसं नखशिखांत रंगीत आहेत.

आणि एक फोटो बुखाऱ्याच्या तुरुंगाचा. झिंदान म्हणतात त्याला. जमिनीत खड्डा, वर बुटकं बांधकाम. पाच कैदी आतून बाहेर बघतायत. बाहेर पहारेकरी उभा, रशियन पद्धतीचा गणवेश, रशियन बंदूक, वर संगीन. त्याच बुखाऱ्याचा अमीर निळ्या झग्यात खुर्चीवर, आणि हे पाच जण. एकाच माणसाने, एकाच कॅमेऱ्याने काढलेत हे फोटो. अमीराचं पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे. या पाचांपैकी कुणाचं नाही.

इथे मला एक गोष्ट टोचायला लागली. आम्ही डेटावाले ‘लेबल’ म्हणतो ना, ते या फोटोंना आहे. पण बहुतेक ठिकाणी ते नाव नाही, प्रकार आहे. ‘तुर्कमेन’, ‘सार्त बाई’, ‘पखालवाला’. आणि प्रकारही कधीकधी चुकीचा. एका फोटोत एक तरुण भटकं कुटुंब आहे, रंगीबेरंगी पोशाखात, ‘भुकेल्या स्तेपे’तून चाललेलं. लेबल म्हणतं किर्गिझ. पण झारच्या काळात रशियन लोक कझाखांनाही किर्गिझच म्हणायचे. तेव्हा ते कुटुंब कझाख असण्याची शक्यता जास्त. त्या लोकांना कुणी विचारलं नसणार, तुम्ही स्वतःला काय म्हणता म्हणून. फोटो झारसाठी होते. बघा, तुमचं राज्य केवढं, त्यात काय काय आहे. माल, यंत्रं, मशिदी, माणसांचे नमुने.

हे खरं आहे, आणि तरीही तो कापडवाला थेट माझ्याकडे बघतोय, हेही खरं आहे. दोन्ही धरून बघावं लागतं.

आता माझी चूक सांगते. ही सांगायचीच म्हणून आजचा भाग केला.

मला त्या ‘भुतां’चा राग यायचा. इतका सुंदर फोटो आणि कोपऱ्यात लाल-हिरवं बरबटलेलं. म्हणून वीकेंडला एक प्रोग्रॅम लिहिला. चौकटी जुळवून झाल्या की जिथे तिन्ही चौकटी एकमेकींशी पटत नाहीत ती जागा शोधायची, आणि आजूबाजूच्या भिंतीवरून, मातीवरून उचलून ती जागा भरून टाकायची. फोटो किती स्वच्छ झाला याचा एक स्कोअरही मीच ठरवला. रात्री एक गठ्ठा फोटो लावले आणि झोपले.

सकाळी स्कोअर मस्त वाढलेला. चहा घेत आधी-नंतर, आधी-नंतर बघत होते. बाजाराचा एक फोटो. ‘नंतर’मध्ये मागे नुसती मातीची भिंत. ‘आधी’मध्ये त्या भिंतीपाशी एक पोर. तीन रंगांत फुटलेलं, चेहरा नीट दिसत नाही, पण पोरच. मोठी माणसं सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून उभी राहिली, ते नाही राहिलं. पाय खाजला असेल, माशी बसली असेल, नाहीतर तो पेटीतला माणूस काय करतोय ते बघायला पुढे सरकलं असेल. ते तिथे होतं याचा बहुधा जगातला एकमेव पुरावा म्हणजे तो डाग. आणि मी तो पुसला होता. स्कोअर वाढवून.

अर्थात माझ्या लॅपटॉपवरच. मूळ काचेला काही झालं नाही. पण मला गप्प व्हायला झालं. नोकरीतही मी हेच करते ना? जो डेटा सगळ्यांशी जुळत नाही तो ‘नॉइज’ म्हणून काढून टाकते. दहातल्या नऊ वेळा तो नॉइजच असतो. दहाव्या वेळी तिथे कुणीतरी उभं असतं.

मूळ काचांचं काय झालं, तेही ऐका. क्रांती झाली. प्रोकुदिन-गोर्स्कीने १९१८ मध्ये रशिया सोडला, शेवटी पॅरिसला स्थायिक झाला. १९२० मध्ये लाल सैन्याने बुखारा घेतलं, अमीर आलिम खान पळाले, अफगाणिस्तानात गेले. ज्या झारने डबा दिला तो तर १९१८ मध्येच मारला गेला. फोटो काढणारा पॅरिसमध्ये वारला, आणि निळ्या झग्यातले अमीर काबूलमध्ये. दोघंही १९४४ मध्ये. दोघंही घरापासून लांब. १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने वारसांकडून काचा विकत घेतल्या, १,९०२ निगेटिव्ह. पुढची पन्नासेक वर्षं त्यांतले अगदी थोडे सोडले तर बाकीचे रंगात कुणी पाहिलेच नाहीत. २००० साली सगळ्या काचा स्कॅन झाल्या. वॉल्टर फ्रँकहाउझर यांनी शंभराहून थोडे जास्त फोटो हाताने, एकेक करून जुळवले, त्यांचं २००१ मध्ये प्रदर्शन झालं. २००४ मध्ये ब्लेझ अग्वेरा इ आर्कास यांच्या प्रोग्रॅमने सगळेच्या सगळे जुळवले.

लायब्ररीने एक गोष्ट फार चांगली केली. जुळवलेल्या रंगीत फोटोच्या शेजारी मूळ तीन चौकटींचं स्कॅनही ठेवलं, कुणालाही फुकट बघता येईल असं. म्हणजे माझ्यासारखीने कितीही स्वच्छता केली तरी ते पोर काचेत सुरक्षित आहे.

जी जमीन त्या फोटोंत आहे ती मात्र बदलली. भुकेल्या स्तेपेत कालवे आले आणि कापूस आला. १९५४ पासून काराकुम कालवा खणायला लागले, अमू दर्याचं पाणी वाळवंटात वळवलं. शेतं झाली, आणि त्याची किंमत अरल समुद्राने भरली. एकेकाळी जगात चौथ्या क्रमांकाचं ते सरोवर बहुतांश आटून गेलं, आणि तिथे नवीन वाळवंट तयार झालं. उंटावरची ती पोती परत एकदा नीट बघा म्हणजे झालं.

शेवटचं सांगते आणि थांबते.

गेल्या दिवाळीत मी हे फोटो आजीला टॅबवर दाखवले. ती तंबूच्या दाराशी उभी असलेल्या बाईपाशी थांबली. दागिने बघितले, गालिचा बघितला. “जड असणार गं हे सगळं गळ्यात,” म्हणाली. मग विचारलं, “हिचं नाव काय?”

म्हटलं, “लिहिलेलं नाही आजी.”

“काढणाऱ्याने विचारलं नाही होय?”

मी उठले, कपाटावरची ती फ्रेम काढली आणि मागची पाठ उघडली. मूळ कृष्णधवल फोटो तिच्यासमोर ठेवला, हातात पेन्सिल घेतली. म्हटलं, सांग. एकेक माणूस. चौदांपैकी अकरा नावं तिने सांगितली. कुणाचा कोण, कुणाच्या लुगड्याचा रंग कोणता, तेही. एक मुलगा मान वळवल्यामुळे धुरकट आलाय, तिचा चुलतभाऊ. “तो कधी सरळ उभा राहिलाय?” म्हणाली. उरलेली तीन माणसं तिला आठवेनात. ज्यांना आठवली असती त्यांतलं आता कुणी नाही. फोटोच्या मागे अकरा नावं आहेत, तीन प्रश्नचिन्हं आहेत, आणि वर लिहिलंय, शालू अंजिरी.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातला जुना फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसा. पेन्सिल न्या, शाई उमटते. आणि जो कोपऱ्यात हललेला दिसतोय ना, त्याचं नाव सगळ्यात आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.